पीठ की धूळ

शालन,

लोक यायचे थांबले आता. तेरावं झालं, सांगोल्याची मंडळी परत गेली, शेजारपाजारचे डबे बंद झाले. परवा तुझ्या फोटोपुढं दिवा लावायचा म्हणून वाती शोधत होतो. तू गेल्यापासून स्वयंपाकघरातलं ते कपाट मी पहिल्यांदाच उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेपरातल्या फोटोतली ती बाई तशीच बसलेली, हात मांडीवर उताणे टाकून. मी वाती न घेताच दार लावून टाकलं आणि शेजारणीकडून मागून आणल्या. का, ते मला सांगता येणार नाही. हल्ली मला बऱ्याच गोष्टी सांगता येत नाहीत.

म्हणून तुझ्याशीच बोलतो. बाहेरच्या माणसाला काय सांगू? बायको गेली आणि मी बसलोय एका अनोळखी बाईच्या हातांचा विचार करत?

तो फोटो आला त्या सकाळी मी गॅलरीत पेपर वाचत होतो आणि तू शेजारी मेथी निवडत होतीस. पहिल्याच पानावर होता. समोरची भिंत गेलेलं दुमजली घर. वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर उघडं पडलेलं, आणि फळीवरची भांडी मात्र जशीच्या तशी रांगेत. खाली पायरीवर एक बाई. तुझ्यापेक्षा जरा लहान असेल. डोक्यावरचा रुमाल मागं सरकलेला. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, आणि ते तिनं असे ठेवलेले की जणू दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला घेतलेत. खाली एवढंच छापलं होतं: हल्ल्यानंतर घराबाहेर बसलेली एक महिला. ना नाव, ना गाव.

त्या युद्धाला तू शेवटपर्यंत 'अमोलकडचं युद्ध' म्हणालीस. आपला अमोल काम करतो तो देश लढाईत नव्हता, शेजारी होता. मी तुला नकाशा काढून दाखवला होता, मध्ये केवढं अंतर आहे ते बोटांनी मोजून दाखवलं होतं. तू म्हणालीस, "तुमच्या बोटानं मोजलंय व्हय विमानानं?" आणि विषय संपवलास.

त्या सकाळी मेथीची जुडी खाली ठेवून तू पेपर ओढून घेतलास, डोळ्यांजवळ धरलास.

"कणीक मळत होती ही," तू म्हणालीस.

"अगं, धूळ आहे ती. भिंत पडल्यावर सिमेंटची धूळ उडणारच."

"धूळ असती तर केसावर बसली नसती? बघा की केस. काळेभोर हायत. नुसते हात पांढरे हायत."

"मग नंतर केस झटकले असतील."

"केस झटकले आणि हात तसेच ठेवले? आवो, काय बोलताय तुम्ही?"

तेवढ्यात माझ्या मनात दुसरंच काहीतरी येऊन गेलं होतं. नुसते हात पांढरे होतात ते कशानं? ढिगारा उपसला तर होतात. पडलेल्या भिंतीखाली कुणी असेल, आणि ती हातांनी उकरत असेल, आणि शेवटी कुणीतरी तिला धरून पायरीवर आणून बसवलं असेल. हे मी तुला बोललो नाही. तू मेथी पुन्हा हातात घेतली होतीस. मी म्हटलं, जाऊ दे. पीठ तर पीठ.

पण जाऊ दिलं तू नाहीस. दुपारी बघतो तर पेपरला चौकोनी भोक. कात्रीनं नीट कापून, खळ लावून, तू तो फोटो कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होतास. बाहेर नको, म्हणालीस, येणारे-जाणारे विचारत बसतील.

मला ते आवडलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. एखाद्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट घटका आपण आपल्या डाळ-तांदळाच्या कपाटाला का लावायची? तिला कुणी विचारलं होतं का? फोटो काढणाऱ्यानं आधी काय केलं असेल, पाणी दिलं असेल की बटण दाबलं असेल? मी तावातावानं बोललो. आणि त्या भरात तुला स्फोटाच्या दिवसाची आठवण करून दिली.

अमोल बालवाडीत होता तेव्हा. माझ्या कारखान्याला लागून असलेल्या कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला होता, रसायनं तापवायचं ते मोठं भांडं. आवाज एवढा झाला की आपण राहायचो त्या सरावलीतल्या खोल्यांच्या काचा वाजल्या. सगळ्यांच्या बायका धावत सुटल्या, गेटवर ही गर्दी. आत कोण आहे, बाहेर कोण आलंय, कुणालाच कळत नव्हतं. एक पेपरवाला कॅमेरा घेऊन बायकांच्या समोर समोर नाचत होता. तू पदर तोंडावर ओढून घेतलास, हे नंतर तूच मला सांगितलं होतंस. म्हणाली होतीस, आमची तिथं चिता पेटलीय आणि हा फोटो काढतोय.

"आठवतंय ना?" मी म्हटलं. "मग हिचं काय वेगळं?"

तू कपाटाचं दार पुन्हा उघडलंस.

"मी तोंड झाकलं," तू म्हणालीस. "हिनं झाकलंय का? सरळ बघतीय बघा. कुणीतरी बघावं म्हणूनच बघतीय."

आणि मग विचारलंस, "त्या दिवशी माझे हात कसे होते, आठवतंय का तुम्हाला?"

मला आठवेना. मला आठवत होतं ते एवढंच, की मी गेटच्या बाहेर आलो आणि तू माझ्यावर खेकसलीस, "एवढा उशीर?" जसा काही मी सिनेमाला गेलो होतो.

"भाकरीच्या पिठाचे होते," तू म्हणालीस. "काटवटीतनं तशीच उठून पळाले होते. तुमच्या शर्टाला धरलं तर शर्ट भरला सगळा. तुम्हाला ते पण आठवत न्हाई?"

नाही आठवत, शालन. आजही आठवत नाही. मी खूप प्रयत्न करतो. गेट दिसतं, पिवळा धूर दिसतो, तुझ्या हिरव्या साडीचा काठ दिसतो. हात दिसत नाहीत.

नंतर एकदा आमच्या जुन्या कामगारांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की हा फोटो या युद्धातला नाहीच, जुना आहे, भलत्याच देशातला आहे, पेपरवाल्यांनी फसवलं. दुसऱ्यानं लिहिलं, तो फोटोच कॉम्प्युटरवर केलाय. तिसऱ्यानं लिहिलं, तिकडच्या लोकांना असंच पाहिजे, सुरुवात त्यांनीच केली होती. मी वाचून पार गोंधळून गेलो. तुला सांगितलं. वाटलं, आता तरी काढशील.

"जुन्या युद्धात कुणाचं घर पडलं न्हाई का?" तू म्हणालीस, आणि डाळ काढून दार लावलंस.

तुला सगळं कसं काय एवढं स्वच्छ दिसायचं, की दिसायचं नाही पण तू तसं दाखवायचीस, हेच मला आता कळेनासं झालंय.

आपल्याकडं हवाई हल्ल्याचा तो सराव झाला, तो दिवस आठव. इथं तारापूरला अणुकेंद्र, शेजारी एवढे कारखाने, म्हणून तिन्हीसांजेला भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी दिवे घालवायचे, असं आधीच कळवलं होतं. भोंग्याचं आपल्याला काय नवल? शिफ्टच्या भोंग्यावर आपला संसार चालला. पण हा भोंगा वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. बिल्डिंगमधली पोरं अंधारात आरडाओरडा करत होती, मजा वाटत होती त्यांना. वरच्या मजल्यावरचे मिश्राजी जिन्यातून ओरडत होते, "भाभीजी, मोमबत्ती भी नहीं जलाना है!" मी गॅलरीतून बघत होतो. नेहमी एमआयडीसीच्या बाजूला आकाश तांबूस असतं, ते काळं पडलं होतं. मागं वळलो तर तू स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, फोन कानाला.

"तुझ्याकडं पण असाच वाजतो का रे?" तू अमोलला विचारत होतीस.

तो हसला असावा. तू म्हणालीस, "हसू नको. खरं सांग."

त्यानं काय सांगितलं ते मला कळलं नाही, मी पुन्हा गॅलरीत गेलो. दिवे आले तेव्हा तू उठून भात लावलास.

त्या दिवसापासून तू माझ्या मागं लागलीस. त्याला बोलवा. माझं ऐकणार न्हाई, तुमचं ऐकंल. मी म्हणायचो, तो लहान नाही, तिकडं त्याच्या हाताखाली माणसं आहेत, चालू काम टाकून कसा येईल? तू म्हणायचीस, काम काय, इथं पण मिळंल. मी म्हणायचो, तिथं धोका नाही. तू म्हणायचीस, "त्या बाईला तरी कुठं माहीत होतं?" तिथं आपल्या दोघांची गाडी अडायची.

शेवटच्या सकाळी पण हेच चाललं होतं. मी पिशवी घेऊन दारात, बोईसरच्या बाजारात निघालेलो. तू म्हणालीस, "जावा तुम्ही, आल्यावर बोलू." मी आलो तेव्हा तू त्याच कपाटाला टेकून बसली होतीस. डोळे उघडे होते. मला वाटलं, दमलीस म्हणून बसलीस. मी पिशवी ओट्यावर ठेवून कोथिंबीर स्वस्त मिळाली असं काहीतरी बोललोसुद्धा. मग मिश्राजी, मग रिक्षा, मग पालघरच्या वाटेवरचं ते हॉस्पिटल. डॉक्टरांनी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मी त्यांना काय म्हणालो माहीत आहे? म्हटलं, "आमचं बोलणं राहिलंय अजून."

आणि नेमकं त्याच दिवसांत तिकडचं आकाश बंद झालं. दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं होतं, विमानं उडेनात. अमोल विमानतळावर बसून होता, परत पाठवला, पुन्हा गेला, पुन्हा परत. इकडं तुला किती वेळ ठेवणार? सगळे म्हणाले, आता थांबू नका. अग्नी मी दिला. मिश्राजींच्या मुलीनं फोन धरला होता, म्हणजे तिकडून अमोलला दिसावं. स्मशानात नेट धड नव्हतं. मध्येच त्याचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू गेला. "पप्पा, आईचा चेहरा अडकलाय. पुढं सरकत नाही." त्या मुलीनं फोन वर धरला, बाजूला धरला. मी हातात मडकं घेऊन उभा. आपल्या पोराला तुझा एकच चेहरा दिसत राहिला, आणि पुढचं सगळं त्याच्याशिवाय झालं.

त्यानंतर मला राग कुणाचा करावा तेच समजेना. ज्यांनी त्या फोटोतल्या बाईचं घर पाडलं, त्यांनीच आपल्या अमोलची वाट अडवली. म्हणजे एकाच माणसानं? एकाच माणसाच्या एका सहीनं? की तिची बाजू लढत होती त्यांनी विमानं थांबवली? मी पेपर वाचून वाचून शोधत बसलो. मग माझी मलाच लाज वाटली. आपलं घर शाबूत आहे. तू आपल्या ओट्याशेजारी गेलीस, माणसं जमली, रीतसर सगळं झालं. तिचं काय झालं असेल? तिच्या माणसांना माती तरी मिळाली असेल का? आपलं दुःख तिच्या शेजारी नेऊन ठेवायचा मला काय अधिकार? आणि नाही ठेवलं, तर मग ते कुठं ठेवू? तू असतीस तर म्हणाली असतीस, ठेवा की, तिला कुठं जड होणार हाय.

मागच्या आठवड्यात जयवंतीताई आली. माकुणसारहून भाजी घेऊन येते ती, तुझी दारावरची मैत्रीण. तू गेल्याचं तिला उशिरा कळलं. टोपली जिन्यातच ठेवून आत आली आणि तुझ्या फोटोकडं बघत फतकल मारून बसली. रडून झाल्यावर म्हणाली, "आमी दोघी कपाट उघडून त्या बायला बघायचो, भाऊ. शालनबाय मला बोलावून दाखवायची."

मी म्हटलं, "हो. पीठ मळणारी बाई."

ती माझ्याकडं बघायला लागली. "पीठ? पीठ नाय भाऊ. शालनबाय तर बोलली व्हती, ती कुनाला तरी उकरत व्हती मातीतून. पोर असंल बोलली. सापडला का नाय, ते काय फोटोत दिसत नाय बोलली."

मी कपाटाकडं बघितलं.

"तुमाला नव्हतं सांगितलं?" जयवंतीताईनं विचारलं. मग तिलाच वाटलं आपण नको ते बोललो. उठली, टोपलीतला दुधी काढून ओट्यावर ठेवली, म्हणाली, "खावा, भाऊ," आणि गेली.

तेव्हापासून मी हाच विचार करतोय, शालन. तुला सगळं माहीत होतं. मला जे सुचलं ते तुलाही त्याच सकाळी सुचलं असणार, मेथी निवडता निवडता. मग एवढे दिवस माझ्याशी पिठासाठी का भांडलीस? मला झेपणार नाही असं वाटलं? की अमोलच्या बापानं घाबरून जाऊ नये म्हणून? की तुला खरंच पीठच असावं असं वाटत होतं, आणि मी तुला वादात हरवीन अशी भीती वाटत होती? कदाचित घरात पीठ आणि दारात माती, अशी तू तिची वाटणी केली असशील. मला माहीत नाही. आणि तुला मी तरी कुठं सांगितलं होतं? दोघंही एकाच गोष्टीवर पांघरूण घालून, वरून भांडत होतो.

तरी त्या भांडणाबद्दल मी तुझा ऋणी आहे, हे मात्र मला पक्कं समजतंय. रिटायर झाल्यावर दोघांत बोलायला काही उरत नाही म्हणतात. आपल्यात ती बाई होती. तिच्यामुळं तू मला स्फोटाचा दिवस सांगितलास, माझ्या शर्टाला लागलेलं पीठ सांगितलंस. नाहीतर ते मला कधी कळलंच नसतं.

काल दुपारी अमोल आला. वाळलाय. बॅग ठेवली, हात-पाय धुतले, तुझ्या फोटोपुढं उभा राहिला. रडला नाही. मग आत जाऊन पाणी प्यायला ग्लास शोधत होता, त्यानं कपाट उघडलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. पीठ, धूळ, जयवंतीताई, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "असे फोटो आमच्याकडं दिवसभर येतात, पप्पा. आम्ही बघत नाही. माझ्याबरोबर लढाई चाललीय तिकडचाच एक जण कामाला आहे, त्याची बहीण तिथं अडकलीय. तोही बघत नाही. बघितलं तर दुसऱ्या दिवशी क्रेनवर चढता येत नाही."

"मग आई बघायची ते चुकीचं होतं का?"

"मी कुठं तसं म्हणतोय?" तो म्हणाला. "मला माहीत नाही. आई इथून बघत होती म्हणून मला तिथं बघावं लागलं नाही, असंही असेल."

हे त्याला कसं सुचलं कोण जाणे. तुझ्यासारखं बोलला. मला तो फोटो काढू की ठेवू, विचारायचं होतं. विचारलं नाही.

आज सकाळी त्यानं सांगितलं, की येत्या आठवड्यात परत जाणार. मार्ग खुले झालेत, कंपनीचा फोन आलाय. आता माझं काम होतं. तुझं राहिलेलं बोलणं माझ्याकडं होतं. मी म्हटलं, "अमोल, तुझ्या आईची इच्छा होती तू जाऊ नयेस. मला रोज म्हणायची, त्याला बोलवा."

तो चक्रावून माझ्याकडं बघत राहिला.

"आई? मला तर म्हणायची, घाबरून काम सोडू नको. सरावाच्या दिवशी पण तेच म्हणाली. तुझे पप्पा ये म्हणतील, त्यांचं मनावर घेऊ नको, त्यांचा जीव घाबरा हाय."

शालन, मी खुर्चीत बसलो. मला हसूच आलं. मला एक, त्याला एक, जयवंतीताईला आणखी एक. यातली खरी तू कोणती? का प्रत्येकाला तू ज्याच्या त्याच्या बेताचं वाढत होतीस आणि तुझ्या पानात काय होतं ते कुणी बघितलंच नाही?

अमोल म्हणाला, "आईचं राहू दे. तुम्ही काय म्हणता?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नकाशा दाखवला होता, अंतर मोजलं होतं, कामाची गोष्ट सांगितली होती. मी काय म्हणतो? मग म्हटलं, "जाऊ नको. मला भीती वाटते."

तो उठला. फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. दार पुढं केलं. हिंदीत बोलत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा बोलत होता. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, म्हणजे ऐकू येऊ नये. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"एक महिना थांबतो म्हटलं," तो म्हणाला. "मग बघू."

महिना थोडा की पुष्कळ, शालन? तिकडं एका महिन्यात काय काय होतं, ते आपण बघितलंय. पण आजच्या दिवशी तो इथं आहे. मी मान हलवली. त्यानंही हलवली.

मग त्यानं विचारलं, "पप्पा, जेवायला काय करायचं?"

आम्ही दोघं तुझ्या ओट्यासमोर उभे राहिलो. त्यानं एक डबा काढला, मी एक काढला. झाकणं उघडून वास घेत राहिलो. कशात काय आहे, दोघांनाही माहीत नव्हतं.